मामींचं इंजेक्शन

औषधाच्या दुकानात जायचं म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस उभ्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो माझ्या नवऱ्याचा मामा आहे. देवळात मामा टी-शर्टवर जातात. पण मॉरिसव्हिलमधल्या आमच्या घराजवळच्या फार्मसीत जायचं झालं की भांग पाडणार, बूट पुसणार, आणि खोकल्याच्या साध्या गोळ्या घेतानाही तिथल्या उंच, पिकल्या केसांच्या फार्मासिस्टबाईंशी मनसोक्त गप्पा मारणार. "औषध देणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. निम्मा गुण तिथेच येतो," असं त्यांचं मत. केमिकल इंजिनियर म्हणून जन्म काढलेल्या माणसाने हे बोलावं, याचं मला हसू येई.

दुसरा छंद फोनचा. विमा कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाशीही मामा अदबीने बोलत. "येस मॅडम, थँक यू मॅडम," म्हणत बटणं दाबत. पलीकडे खरा माणूस येईपर्यंत वाजणारं ते कंटाळवाणं संगीत ऐकून ऐकून त्यांनी पेटीवर बसवलं होतं. गणपतीच्या कार्यक्रमात एकदा वाजवलंही. पहिल्या दोन ओळींतच हॉलमध्ये हशा पिकला, कारण धून सगळ्यांच्याच रोजच्या ऐकण्यातली.

हे फोन सुरू झाले ते मामींच्या दुखण्यामुळे. त्यांना संधिवात, तोही बोटं वाकडी करणारा. एका इंजेक्शनाने तो आटोक्यात होता. ते थंडच ठेवावं लागे, म्हणून मामा दर महिन्याला फार्मसीतून ते बर्फाच्या पिशवीत घालून, तान्हं मूल आणावं तसं घरी आणत. मग विमा कंपनीने नियम बदलला. हे औषध यापुढे कंपनीच्याच मेल ऑर्डर फार्मसीतून पार्सलने येणार. दुकानातून घेतलं तर विमा मिळणार नाही. विम्याशिवाय ते घेणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हे.

मामांनी पोर्चमध्ये खुर्ची टाकली. पार्सल यायचं त्या दिवशी जेवायलाही आत येत नसत. पण जुलैत एकदा मामींना घेऊन डॉक्टरकडे गेले, आणि नेमकं तेव्हाच खोकं आलं. दुपारभर पायरीवर उन्हात पडलं. उघडलं तर बर्फाचं पाणी झालेलं.

"औषध गरम झालंय," मामांनी फोनवर सांगितलं.

"सर, सिस्टिममध्ये डिलिव्हर्ड दिसतंय," पलीकडची मुलगी म्हणाली. नवीन पाठवायचं तर आधी चौकशी होणार, मग मंजुरी.

चौकशीत आठवडे गेले. मामींची बोटं सुजली. कप धरवेना, केस विंचरता येईनात. त्यांची वेणी मामा घालू लागले. ती हमखास डाव्या कानाकडे कलायची.

"अहो, तुमच्या ड्रायव्हिंगसारखीच वेणीही लेन सोडते," मामी म्हणायच्या. मामा हसायचे आणि उठून पाठमोरे बेसिनपाशी उभे राहायचे.

शेवटी इंजेक्शन आलं. सूज उतरली, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी ती वाकडीच राहिली.

त्या हिवाळ्यात फार्मासिस्टबाईंकडून मामांना कळलं, की रालीला, आमच्या राज्याच्या विधिमंडळात, एका विधेयकावर सुनावणी आहे. पार्सलने येणाऱ्या औषधाला जो विमा लागू, तोच जवळच्या दुकानातल्या औषधालाही द्यावा, एवढीच मागणी. कुणालाही बोलता येणार होतं, दोन मिनिटं. मामांनी आठवडाभर तालीम केली. मला डायनिंग टेबलाशी सुनावणीचा अध्यक्ष म्हणून बसवायचे. मी भाजी निवडत म्हणायचे, "सर, टाइम इज अप."

त्या दिवशी गाडी मीच चालवली. आधी विमा कंपन्यांचे वकील बोलले. मेल ऑर्डर किती सोयीची, हे फार सुरेख सांगितलं. मग मामा उठले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. मग सावकाश इंग्रजीत म्हणाले, "माझी पत्नी तिथे बसली आहे. तिची वेणी आता मी घालतो. मला नीट जमत नाही."

दोघंतिघं हसले.

"आमच्या फार्मसीतल्या बाईंनी मला फोन केला असता, की औषध आलंय, थंड आहे, घेऊन जा. खोक्याला फोन करता येत नाही." अध्यक्षांनी आभार मानून त्यांना बसवलं.

परतताना गाडीत मामा म्हणाले, "मुद्द्याचं काहीच बोललो नाही गं मी."

"बोललात," मागून मामी म्हणाल्या.

विधेयक मंजूर झालं, पण पुढच्या वर्षी. तोवर ती फार्मसी बंद पडली होती. तिची बरीच गिऱ्हाइकं विम्याच्या नियमाने आधीच पार्सलकडे गेली होती. जाताना बाईंनी मामींचे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्या लेकीकडे दुसऱ्या राज्यात निघून गेल्या.

आता कायद्यामुळे इंजेक्शन हायवेपलीकडच्या मोठ्या दुकानात मिळतं. वेळेवर मिळतं, थंड मिळतं. गाडीतून उतरावंही लागत नाही. गाडी दुकानाच्या खिडकीशी लावायची; तिथे दर खेपेला नवा चेहरा असतो, तो ओळख पटवायला मामींची जन्मतारीख विचारतो. मामा ती सांगतात आणि काच वर करतात.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत होते. मामांनी पिशवी मामींच्या मांडीवर ठेवली, आणि घराच्या वळणाशी न वळता गाडी सरळ तळ्याच्या रस्त्याला घातली.

"मामा, घर मागे राहिलं."

"राहू दे. पिशवीत बर्फ आहे भरपूर." मग म्हणाले, "हिचं आताशा कुठे बाहेर पडणंच होत नाही."

मामींनी खिडकी थोडी खाली केली. झाडांना नुकती पालवी फुटत होती. मागची गाडी हॉर्न वाजवत पुढे निघून गेली. मामांनी वेग आणखी कमी केला.