आत्याची साधी गाठ

आमची आत्या कॅन्सरने गेली नाही. साध्या गाठीने गेली.

आज तीन वर्षं झाली.

मानेतली ती गाठ पहिल्यांदा दाखवली तेव्हा लिंबाएवढी होती. रिपोर्ट आणायला नगरला मीच गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, नसेच्या आवरणाला आलेली गाठ आहे, कॅन्सर नाही, पण वेळेत काढून टाका.

'पण'च्या पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही. मी स्टँडवरून पेढे घेऊन पारनेरची गाडी पकडली.

आत्या लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परत आलेली. गोठा तिचा. दोन गाई, आणि दोघीही तिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नसत.

"आत्या, ऑपरेशन उरकून घेऊ."

"ही गाय आटली की जाऊ."

ही आटेपर्यंत दुसरी व्यालेली असायची.

अशी सहा वर्षं गेली. गाठ पदराखाली वाढत राहिली. धार काढताना तिची डावी बोटं बधिर पडायला लागली. मग आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ती भिंतीला टेकून झोपायची.

आणि आम्ही शहाणे म्हणायचो, साधीच तर आहे.

शेवटी पुण्याला नेलं. सर्जनने MRI बघितला.

"लहान असताना नसेवरून अलगद सोलून काढता आली असती. आता छातीत उतरलीय, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलीय. काढावी तर लागेलच. पण धोका मोठा आहे."

थिएटरच्या दारात आत्याने माझं मनगट धरलं.

"संतोष, मला भ्या वाटतंय रे."

आयुष्यात पहिल्यांदा ती असं बोलली. मी म्हणालो, "आत्या, साधी गाठ हाय. काय न्हाई होत."

रक्तस्राव थांबला नाही.

दहा दिवसांनी काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. साधीच होती.

आता जे घरात कुणालाच, बायकोलाही माहीत नाही ते लिहितो.

चार महिन्यांपूर्वी अंघोळ करताना माझ्या काखेत गाठ लागली. सुप्याच्या कंपनीत ओव्हरटाइम आहे असं सांगून एकटाच जाऊन MRI केला. तीच जात. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होती का? मी म्हणालो, आत्याला.

"आत्ता काढली तर हात वाचायची शक्यता चांगली आहे. थांबू नका."

मी म्हणालो, पोरीची बारावी होऊ दे. मग म्हणालो, कंपनीचं ऑडिट होऊ दे. गाडीवर घरी येताना हेल्मेटच्या आत रडलो. बारावी नाही, ऑडिट नाही, माझी नुसती फाटलीय.

आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आत्याचंही गाईंसाठी अडलेलं नव्हतं. ती सहा वर्षं भीत होती, आणि आमच्यापैकी एकानेही तिला विचारलं नाही.

आत्या, माफ कर. आज तुझ्या फोटोला हार घातला. जिथे असशील तिथे शांत झोप.

सविता, तू स्वयंपाकघरात आहेस आणि मी इथे बाहेरच्या खोलीत बसून फोनवर हे लिहितोय. तोंडावर सांगायला जमलं नाही.

सोमवारी ॲडमिट व्हायचंय. मी खूप घाबरलोय.

वाचलंस की बाहेर ये.