दहा आकडी नंबर

नांदेडला मी नव्या पोरापोरींना वेबसाइट बनवायला शिकवते. पीएचपी आणि मायएसक्यूएल. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं पान पांढरंफटक येतं. मग हात वर होतात, "मॅडम, माझं कुठं चुकलं?" मी प्रत्येकाच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहते. सर्व्हर चालूच केलेला नसतो, नाहीतर अर्धविराम गिळलेला असतो, नाहीतर डेटाबेसचा पासवर्ड भलताच दिलेला असतो. मी कधी चिडत नाही. पोरांना वाटतं, मॅडम फार शांत आहेत. शांत कसली, मी चांगली तिरसट बाई आहे. या एका प्रश्नापुढं मात्र माझी मान खाली जाते. त्याचं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी लातूरला होते. क्लासेसचा जमाना ऐन भरात होता. गल्लीगल्लीत फलक, फलकावर पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क. भूकंपाच्या आगेमागे जन्मलेली पोरं तेव्हा दहावी करून अकरावीच्या वाटेला लागली होती. मी ज्या क्लासच्या ऑफिसात होते, तिथल्या सरांनी भूकंपग्रस्त गावांतल्या मुलांसाठी काही जागा मोफत ठेवल्या होत्या. एक परीक्षा घ्यायची, वरच्या मुलांना दोन वर्षं शिकवायचं, ठेवायचं, जेवू घालायचं. सर तोंडानं फटकळ, पण या बाबतीत मनापासून होते.

त्या वर्षी सरांच्या डोक्यात आलं, फॉर्म ऑनलाइन घ्यायचे. मी एका पुस्तकावरून पीएचपी शिकलेली. चार पानं चालवून दाखवली होती तेवढ्यावर सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या मॅडमनी घरच्या घरी वेबसाइट केली." मी वरवर लाजायचे आणि आतून फुगायचे.

आदल्या वर्षी काही जणांनी दोन-दोन फॉर्म भरले होते. म्हणून सर म्हणाले, एका फोनवर एकच फॉर्म. मी तसं बांधून टाकलं. फोन म्हणजे आकडा, म्हणून त्याला आकड्याचा साधा रकाना दिला. तपासायला मुदखेडच्या आमच्या घरचा नंबर टाकला, मग ऑफिसचा, मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा. सगळे सहा आकडी. सगळे बिनबोभाट बसले.

आणखी एक केलं. पुस्तकात लिहिलं होतं, डेटाबेसनं नोंद नाकारली तर थांब आणि कारण सांग, अशी ओळ प्रत्येक ठिकाणी घाला. मी घातली होती. एकदा सरांसमोर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक उमटलं. सर म्हणाले, "हे असलं पालकांपुढं दिसलं तर अब्रू जाईल, काढा." मी ती ओळ काढली. नोंद होवो न होवो, शेवटी एकच वाक्य यायचं, 'अभिनंदन, आपला अर्ज मिळाला.'

परीक्षेच्या सकाळी फाटकापाशी गर्दी झाली. यादी माझ्या हातात होती. शहरातल्या नातेवाइकांकडं राहणाऱ्या मुलांची नावं भराभर सापडली. खेड्यांतून आलेल्यांची सापडेनात. एक झालं, दोन झाले, चौथ्याला तरी मला शंका यायला हवी होती. मला राग आला. फॉर्म धड भरता येत नाही आणि माझ्या वेबसाइटला नावं ठेवतात, असं मनात आलं. तोंडानं मी म्हणाले, "यादीत नाव नाही म्हणजे फॉर्म आलाच नाही." बहुतेक जण कुरकुरत निघून गेले.

एक मुलगी जाईना. औशाच्या पुढचं, भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं गाव तिचं. एकटीच एसटीनं आली होती. तिनं औशाच्या नेट कॅफेतून काढून आणलेला कागद पुढं केला. त्यावर माझंच वाक्य होतं, 'अभिनंदन, आपला अर्ज मिळाला.'

"मी भरलाय की म्याडम. तीनदा बटन दाबलं."

"तीनदा दाबलं तिथंच घोळ झाला," मी म्हणाले. "नवीन माणसाचं होतं असं. काहीतरी चुकीचं दाबलं असणार तू."

तिनं मान हलवली. वाद घातला नाही. शाळेत बाई सांगतात ते खरंच असतं, असं मानायची सवय लागलेली मुलगी ती. मग तिनं तो कागद उलटा केला, मागं पेनानं एक नंबर लिहिला आणि माझ्या हातात दिला. "जागा ऱ्हायली तर फोन करा म्याडम. मी हितंच समोर बसते. ह्यो बापूचा मोबाइल हाय. आमच्या नव्या गावात तारेचा फोन न्हाई आला अजून."

परीक्षा सुरू झाली. मी आत येऊन कॉम्प्युटरपुढं बसले, ते तिला खोटं पाडायलाच. तिच्याच नावानं फॉर्म भरला, तोच नंबर टाकला, बटण एकदाच दाबलं. अभिनंदन आलं. नोंदींत पाहिलं तर काही नाही.

काढलेली ती ओळ परत घातली आणि पुन्हा बटण दाबलं. आता पडद्यावर इंग्रजीत आलं, हा नंबर आधीच नोंदलेला आहे. खाली नंबर होता, दोनशे चौदा कोटी वगैरे असला काहीतरी, दोननं सुरू होणारा. मी टाकलेला नंबर तर नऊनं सुरू होत होता. तो अनोळखी आकडा मी यादीत शोधला. देवणीकडच्या एका मुलापुढं तो सापडला, आणि मला सगळं कळलं.

मी दिलेल्या रकान्यात तेवढाच मोठा आकडा मावत होता. त्याहून मोठा आला की डेटाबेस गुपचूप तोच शेवटचा आकडा लिहून मोकळा व्हायचा. म्हणजे मोबाइल कुठलाही टाका, नंबर एकच. पहिला मोबाइलवाला देवणीचा, तो बसला. त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकाला माझी वेबसाइट म्हणत होती, या फोनवर फॉर्म आलाय, आणि ते न सांगता अभिनंदन करून परत पाठवत होती. घरात तारेचा फोन असलेली मुलं आत आली. ज्यांच्यासाठी परीक्षा होती, ती बाहेर राहिली.

खिडकीतून ती दिसत होती. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर फडकं सोडून भाकरी खात होती. परीक्षा सुरू होऊन अर्धा तास झाला होता. आत तीन बाक रिकामे होते. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी माझी सालटी काढली असती, पण त्याच पावली तिला आत बसवलं असतं. एवढं मी त्यांना ओळखत होते.

मी काय केलं? मी रकाना दुरुस्त केला. दोन मिनिटांचं काम. मग पुन्हा पुन्हा फॉर्म भरून तपासत बसले, जणू तेच तातडीचं होतं. मान वर केली तेव्हा पायरी रिकामी होती. खरं सांगायचं तर ती जाईपर्यंत मी मान वर केलीच नाही.

सरांना मी कधीच सांगितलं नाही. आठवड्यानं निकाल लागला, तेव्हा मला राहवेना. कागदावरचा नंबर लावला. तिच्या वडिलांनी उचलला. मी क्लासमधून बोलतेय म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. "बोला म्याडम! जागा निघाली का?"

"नाही हो," मी म्हणाले. "सहज विचारायला केला."

"लई रडली वं पोरगी. म्हनती, माझ्याच हातून चुकलं. आता शाळेतल्या कॉम्पुटरला बी हात लावत न्हाई. तुमी जरा सांगा तिला. थांबा, देतो."

मी नको म्हणेपर्यंत फोन तिच्याकडं गेला होता. तेव्हाही सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, 'तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं.' मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिनंच विचारलं, अगदी हळू, शिकायला म्हणून,

"म्याडम, माझं नेमकं कुठं चुकलं?"

मी म्हणाले, "आता ते नाही सांगता यायचं." आणि फोन ठेवला.