भंडारा लागलेलं तिकीट

आप्पांनी तिकीट टेबलावर ठेवलं. ते हळदीनं पिवळंजर्द झालं होतं. नंबर वाचता येईना.

"हे काय केलंत?"

"बिरोबाला भंडारा वाहिला. त्या वादळात इमान उडालं न्हाई, म्हंजे त्यानंच वाचीवलं की."

मी सांगलीच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकीट क्लार्क होतो. आप्पा कवठे महांकाळकडचे मेंढपाळ. मुलगा फौजेत, जखमी होऊन दिल्लीच्या हॉस्पिटलात पडलेला. तार आल्यावर आप्पांनी मेंढ्या विकून मुंबई-दिल्ली विमानाचं तिकीट काढलं, एकट्यापुरतं. मुंबईच्या वादळी पावसानं फ्लाइट कॅन्सल झाली. पुढची सीट पाच दिवसांनी. रिफंड मात्र जिथं तिकीट काढलं तिथंच मिळणार, म्हणून आप्पा परत आले.

"तेवढ्या पैशात आमी दोघं रेल्वेनं जातो," ते म्हणाले. मागे बायको उभी होती. "पोरगं हिलाच इचारतंय."

हवामानामुळे फ्लाइट रद्द झाली की विमानतळाच्या काउंटरवर तिकिटाच्या पानावर, म्हणजे कूपनवर, शिक्का मारतात. मग पूर्ण पैसे परत मिळतात. हा नियम तिकिटाच्या मागेच छापलेला होता. या नोकरीत मी नियमांची पत्रकं वाचत वाढलेला. छापील शब्दावर माझा भारी विश्वास. शिक्का हळदीखाली गेला होता, पण तिकिटाची ऑफिस कॉपी आमच्याकडे होती.

"आठ दिवस थांबा," मी आप्पांना म्हणालो.

विमान कंपनीला पाठवायचा माझा अर्ज एजन्सीच्या साहेबांनी वाचला. "भंडारा कशाला लिहिलास? पावसात भिजलं म्हण. लगेच पास करतील."

"खोटं का लिहू? त्यांच्या हक्काचे पैसे आहेत."

"हक्काचे आहेत म्हणूनच सांगतोय, शहाण्या."

मी एक अक्षर बदललं नाही.

कंपनीच्या मुंबई ऑफिसातून उत्तर आलं: प्रवाशाच्या निष्काळजीपणामुळे कूपन खराब, खुलासा पाठवा. मी दोन पानी खुलासा पाठवला. मग त्यांनी विमानतळाचा दाखला मागितला. विमानतळानं मूळ कूपन मागितलं. ते मुंबई ऑफिसच्या फायलीत होतं, आणि फाईल सोडायला ते तयार नव्हते.

आप्पा दर बाजाराला यायचे. "आलं का वो?"

एकदा साहेब स्वतःच्या खिशातून रेल्वेभाडं देऊ लागले. आप्पांनी हात पुढे केला होता.

"उपकार कशाला घेता, आप्पा? चेक येतोच आहे," मी म्हणालो.

आप्पांनी हात मागे घेतला.

सहाव्या आठवड्यात चेक आला. पूर्ण रकमेचा, एक पैसा कापलेला नव्हता. मी तो एसटीनं स्वतः आप्पांच्या गावी घेऊन गेलो. वाटेत मुंबई ऑफिसला लिहायचं खरमरीत पत्रही मनात जुळवलं.

दारात माणसं बसली होती.

"मंगळवारी तार आली," आप्पा म्हणाले. "तिकडंच उरकलं म्हनं."

बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी चेक पुढे केला. आप्पांनी तो उलटसुलट पाहिला आणि टोपीत ठेवला.

"तुमी लय लिवलं आमच्यासाठी," ते म्हणाले. "च्या घेऊन जावा."

मी चहा घेतला. दुसरं काय करावं ते कळेना.

अजून मी याच कामात आहे. माणूस घाईत असेल तर जो पैसा हाताशी असेल त्यानं आधी त्याला गाडीत बसवतो. नियमाचं भांडण मागाहून करतो. त्यासाठी त्याला थांबवून ठेवावं लागत नाही.