डाव्या बाजूची तार

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आम्ही इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. नवरा कारखान्यात टर्बाइनवर होता. मी पडवीत टेबल टाकून रेडिओ, टेप, मिक्सर दुरुस्त करायचे. आयटीआयला हा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते, आणि सर मला सोल्डरिंगला बसवायच्या ऐवजी हजेरी लिहायला बसवायचे. त्या रागानेच माझा हात बसला, असं मला अजून वाटतं.

नवऱ्याचा कान हा वसाहतीत कौतुकाचा विषय होता. टर्बाइनच्या बेअरिंगवर लोखंडी सळईचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, ही तिथली रीत. मीटर होते, पण मीटरवर कुणाचा फारसा विश्वास नव्हता. साहेब लोकसुद्धा आधी त्यांना बोलवायचे. ते सळई लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, चालू द्या, किंवा बंद करा. त्यांनी बंद करा म्हटलं की गाळप थांबायचं. त्या कानावरच त्यांची जागा होती, आणि घरातली त्यांची ऐटही.

गाळप संपलं की उन्हाळ्यात त्यांना जरा उसंत असायची. अशाच एका बंद हंगामात मी घरासाठी स्टिरिओ करायला घेतला. अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडला. स्पीकरच्या पेट्या लासुर्ण्याच्या सुताराकडून करून घेतल्या. त्याने आयुष्यभर देव्हारे केलेले, त्यामुळे पेट्यांवर न सांगता कमळं आली. टेप तेवढा विकतचा होता. राहिल्या तारा. बारामतीत तयार तारा मिळायच्या, पण कापून बघितल्या तर आत केसाएवढं तांबं आणि वर बोटभर प्लास्टिक. म्हणून तारा घरीच करायचं ठरवलं.

टेपपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची तार नाजूक असते. तिच्यातून जाणारा आवाज इतका बारीक, की बाहेरचा गोंगाट त्यात सहज शिरतो. त्यासाठी आतल्या तारेभोवती तांब्याची जाळी असलेली वायर लागते. ती आणि पितळी पिना मी बारामतीहून आणल्या. जाळी सोडवायची, तिला पीळ द्यायचा, दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग घ्यायचा आणि पीन लावायची. डाग चकचकीत आला तर चांगला, राखेसारखा मळकट दिसला तर काढून पुन्हा. मी मळकट डाग कधीच ठेवला नाही.

पेट्यांकडे जाणारी तार मात्र जाड पाहिजे, आणि तशी तार आमच्या भागात लोळत पडलेली असते. सासरी विहिरीत सोडायच्या मोटरची चपटी केबल उरली होती, लाल, पिवळ्या, निळ्या अशा तीन तारांची. ती मागितली तर दिराने विचारलं, वहिनी, गाण्याला किती हॉर्सपॉवर लागतीया. मी त्यातली पिवळी तार सोडून दिली आणि लाल-निळ्या पेट्यांना जोडल्या. घूं असा आवाज येत होता, तर घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. लोखंडी पायपाला पाणी घालणारी बाई म्हणून शेजारणी चार दिवस हसत होत्या. घूं मात्र थांबलं.

मग आम्ही दोघांनी बसून गाणी ऐकली. मला समाधान वाटलं. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, डाव्या बाजूनं बारीक येतंय.

मला दोन्हीकडून सारखंच येत होतं. पण त्यांचा कान म्हणजे कान. माझ्या कानाला कोण विचारतंय, मीसुद्धा विचारलं नाही. डाव्या बाजूची तार काढली, नवी केली, लावली. तरी बारीकच. पुन्हा बारामतीला जाऊन वेगळी वायर आणली. तीही त्यांना पटली नाही.

एकदा मी बाजारातून परत आले आणि गाणं लावलं, तर ढोलकीचा दमच गेलेला. बघते तर डाव्या पेटीच्या तारा उलट्या. मोटर उलटी फिरायला लागली की दोन तारांची अदलाबदल करायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेच यांनी पेटीला केलं होतं. मोटरला ते चालतं. इथे एक पेटी हवा पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते, आणि खालचा भरदार आवाज मधल्यामध्ये मरतो. मी चिडले. मला न विचारता हात लावायचा नाही, असं स्पष्ट सांगितलं. ते ओशाळून हसले, पण पुन्हा म्हणाले, मग डाव्या बाजूचं बघ की.

बघायचं ते सगळं बघितलं. जाळीची तार दुहेरी करून बघितली, पिना बदलल्या, खिडकीतून आवाज बाहेर जात असेल म्हणून खिडकी बंद करून बघितली. ज्वारीची कणगी डाव्या कोपऱ्यात होती, ती हलवली. प्रत्येक नव्या तारेच्या वेळी ते पुढ्यात येऊन बसायचे, मी डाग देत असताना निरखून बघायचे, आणि लावल्यावर डोळे मिटून ऐकायचे. मग मान हलवायचे. मला वाटायचं, माणूस हौशी आहे.

शेवटी मी शाळेत शिकवल्यासारखं बसून विचार केला. टेपमागच्या तारा अदलाबदल केल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. दोष तारेत असेल तर तो उजवीकडे जायला हवा. ते म्हणाले, डावीकडंच बारीक. मग मी पेट्याच तारांसकट उचलून जागा बदलल्या. डावीकडंच. तारा बदलल्या, पेट्या बदलल्या, आणि दोष जागचा हलत नव्हता. जे बदललं नव्हतं ते एकच होतं, आणि ते खुर्चीवर बसलं होतं.

मी त्यांना उठवलं, खुर्ची फिरवली आणि पेट्यांकडे पाठ करून बसवलं. गाणं तेच लावलं. त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने, न बघता, हात उचलून मागे, डाव्या हाताच्या पेटीकडे बोट केलं. ही बारीक. तोपर्यंत जी त्यांना ठणठणीत वाटत होती, ती.

मी टेप बंद केला.

"तारंत काय बी दोष न्हाय," मी म्हटलं.

ते उठून पडवीत गेले आणि पायांत चपला सरकवून वसाहतीच्या रस्त्याला लागले. मला तेव्हा गेल्या हंगामातली एक गोष्ट आठवली. ते एका पाळीहून न जेवता येऊन झोपले होते. बेअरिंगची खरखर त्यांच्या आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी लक्षात आली होती, असं वसाहतीतून कानावर आलं होतं. मी ते थकव्यावर ढकललं होतं, आणि ते कधी त्याबद्दल बोलले नव्हते.

बारामतीच्या कानाच्या डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून बघितलं. वर्षानुवर्षं मशीनकडे डावी बाजू करून उभं राहिल्याने त्या कानाची नस गेलीय, उजवीही दमलीय, आणि यावर औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. येताना एसटीत मी खिडकीशी आणि ते माझ्या उजव्या हाताला बसले, म्हणजे त्यांचा डावा कान माझ्याकडे. इंदापूर येईपर्यंत मी बोलत होते ते त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. मी फार काही महत्त्वाचं बोलतही नव्हते.

त्या पावसाळ्यात त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मी विचारलं नाही. सळई उजव्या कानाला लावून अजून काही हंगाम निभले असते, कुणाला पत्ता लागला नसता. पण बॉयलर पेटायच्या आधी एके सकाळी ते स्वच्छ कपडे घालून मुख्य इंजिनिअरकडे गेले आणि स्वतःच सांगून आले. त्यांना भांडारात बसवलं, नटबोल्ट आणि ग्रीसचे डबे देण्याच्या कामावर. टर्बाइनवर त्यांच्या हाताखालचा एक जण सळई घेऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी ते चहा घेत बसले असताना मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदमच. गेल्या हंगामापासून ठाऊक होतं, तर सगळा उन्हाळा मला एकामागून एक तारा का करायला लावल्या, असं मी विचारलं. सरळ सांगायचं होतं, कान गेलाय म्हणून.

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुझा हात चांगला हाय," ते म्हणाले. "वाटलं, एखादी तार लागू पडंल."