साडीचा रंग

फॅशनच्या वर्गात मी एका डिझायनरच्या कलेक्शनचे काळे-पांढरे फोटो दाखवत होते.

"रंग नाहीत म्हणून कट छान दिसतोय," रोहन म्हणाला.

मेघनाला ते पटेना. "रंग निवडायला त्याने किती दिवस घालवले असतील! फोटोत ते सगळं गेलंच की."

मुलं वाद घालत राहिली आणि मी मनाने आईपाशी पोचले. मी दोन वर्षांची असताना ती गेली. तिचा एकुलता एक फोटोही तसाच, बिनरंगाचा. इतकी वर्षं मुलांना रंग शिकवले, पण तिच्या अंगावरच्या साडीचा रंग मला ठाऊक नाही.

संध्याकाळी बाबांना फोन करून विचारलं.

"साडीकडे कुठे बघत होतो गं मी," ते म्हणाले.