त्रेसष्टाव्या पानावरची खूण

लायब्ररी चालवणाऱ्या बाईनं वाचकांवर डाफरू नये म्हणतात. मी डाफरते. 'पुस्तकांत पेन्सिल लावू नये' अशी पाटी मी स्वतः रंगवून दारात टांगली आहे, आणि सगळे एकजात तिच्याखालून आत येतात आणि पेन्सिल लावतात. त्यांचंही खरं आहे म्हणा. आठवड्याला दोन-तीन पुस्तकं नेणाऱ्या माणसाला आपण कुठलं वाचलंय ते आठवत नाही. मग जो तो आपल्या ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवतो. रिटायर झालेले स्टेशनमास्तर अकराव्या पानावर फुली मारतात. समोरच्या दवाखान्यातली नर्स पहिल्या प्रकरणाखाली चांदणी काढते. पुस्तक हातात घेतलं की आधी ते पान उघडायचं, खूण दिसली की पुस्तक परत कपाटात.

माझी भाची त्रेसष्टाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एवढासा त्रिकोण काढायची आणि त्यात एक ठिपका. त्रेसष्टच का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "कोटवाल्याला पहिला मार साधारण तिथेच पडतो, आत्या."

कोटवाला म्हणजे आमच्या लायब्ररीचा पोशिंदा. अडतीस भागांची मालिका, रद्दी कागद, भडक कव्हर. हा एक गुप्तहेर, बारा महिने एकच कोट घालणारा, ना घर ना दार. कोणीतरी येऊन सांगतं की माझा नवरा हरवलाय, माझी बहीण हरवलीय, शोधा. हा निघतो. दारोदार विचारतो, खोटं ऐकतो, मार खातो, उठतो, पुन्हा विचारतो. शेवटी त्याला सगळं कळतं आणि त्यानं कोणाचंच भलं होत नाही. हरवलेला माणूस बहुतेक वेळा मेलेला असतो, नाहीतर सापडून न सापडल्यासारखा. तरी हा परत जाऊन गिऱ्हाइकासमोर उभा राहतो आणि जे असेल ते तोंडावर सांगतो. तेवढा एक नियम तो अडतीस भागांत मोडत नाही.

यात लोकांना काय गोड लागतं हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ना धड प्रेम, ना धड सुटका. स्टेशनमास्तर म्हणाले होते, "अहो बाई, घरात चार प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर मिळत नाही. हा विचारतो आणि लोकांना बोलावं लागतं." मला ते पटलं. आमच्या घरात तर बोलणं म्हणजे दाताखालचा खडा.

माझा मोठा भाऊ, दादा, पुस्तकबांधणी करतो. लायब्ररीच्या मागच्याच गल्लीत त्याची खोली. एक दाबयंत्र, खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांचे ढीग आणि खिडकीशी स्टूल. दिवसाला त्याच्या तोंडून वीस वाक्यं निघाली तर पुष्कळ, त्यातली दहा खळ पातळ झाल्याबद्दल. लेकीशी मात्र त्याचं एक बोलणं होतं. ती कोटवाल्याचा भाग आधी वाचायची आणि त्रिकोण करायची. मग तो वाचायचा आणि त्रिकोणाखाली एक रेघ ओढायचा. त्रिकोण आणि रेघ, एवढाच बापलेकीचा पत्रव्यवहार. सगळी माया त्यातच.

ती एकोणीस वर्षांची असताना दुसऱ्या गावी नोकरीला जाते म्हणाली. दादा नको म्हणाला. ती त्याचीच लेक, हट्टाला पेटली. शेवटी महिन्याभराची वाक्यं त्यानं एका दमात वापरली. "जायचं तर जा, पण मग हे दार तुझं नाही." ती गेली. पत्ता ठेवला नाही, पत्र लिहिलं नाही. वहिनी रडून रडून वाळली. दादा रडला नाही, त्यानं फक्त दाढी करायची सोडली आणि जेवण निम्म्यावर आणलं. हातातलं काम मात्र तसंच चालू.

अकरा महिन्यांनी मी एका लांबच्या गावातल्या बंद पडलेल्या लायब्ररीची ऐंशी पुस्तकं उचलली. सगळी खिळखिळी, म्हणून सगळी दादाकडे बांधायला दिली. त्यात कोटवाल्याचा एकोणतिसावा भाग होता. तो आमच्याकडे धड कधी नव्हताच. आमच्या प्रतीचा शेवट कोणीतरी फाडून नेला होता. शेवट नसलेलं पुस्तक दादा वाचायला घेत नाही, त्यामुळे त्यानं तो भाग वाचलाच नव्हता.

बांधून झाल्यावर महिन्याभरानं त्यानं तो एका दुपारी वाचायला घेतला, आणि तासाभरात हातात पुस्तक घेऊन माझ्या लायब्ररीच्या दुकानात आला. चपला उलट्या पायांत. त्यानं त्रेसष्टावं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. खाली त्रिकोण, आत ठिपका.

"हे पुस्तक कुठलं?" त्यानं विचारलं.

"त्या बंद लायब्ररीतलं."

त्यानं पहिलं पान उलटून त्या गावचा शिक्का दाखवला. "खाली माझी रेघ नाही. म्हणजे हे तिनं इथे वाचलेलं नाही, तिथे वाचलंय. ती तिथे आहे."

तो त्याच पावली न्हाव्याकडे गेला. वहिनीनं नंतर सांगितलं, त्या दुपारी तो दोन वेळा वाढून घेऊन जेवला.

मला कुठेतरी खटकलं होतं. तो गेल्यावर मी दुरुस्तीला दिलेल्या पुस्तकांचं रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'भाग २९, दोन प्रती दिल्या, एक घ्यायची.' मग सगळं आठवलं. त्या गावच्या प्रतीतला चौथा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेली सोळा पानं, एकोणपन्नास ते चौसष्ट, गळून गेला होता. म्हणून मी आमची बिनशेवटाची प्रतही रद्दीच्या पोत्यातून काढून सोबत दिली होती, की दोन्हींतून एक करून दे. बांधणीवाले हे रोज करतात. हात करतात, डोकं दुसरीकडे असतं, आणि दादाचं डोकं तेव्हा कुठे होतं हे काय सांगायला हवं? आमच्या प्रतीतला तो फर्मा त्यानं स्वतःच काढला होता आणि स्वतःच त्या पुस्तकात शिवला होता. भाचीनं आमची प्रत जाण्याआधीच्या आठवड्यात माझ्या समोरच्या स्टुलावर बसून वाचली होती, शेवट नाही म्हणून माझ्याशी भांडत. त्रिकोण तेव्हाचा.

आता म्हणाल, लगेच उठून सांगायचं ना. सांगणार होते. पण वर्षभरानं माणूस पोटभर जेवला होता. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तो तिकीट काढून आला होता. मग म्हटलं, एक चक्कर मारून येऊ दे, हाती काही लागलं नाही की आपोआप समजेल. मी स्वतःला हुशार समजते, हा माझा जुना रोग.

हाती काही लागलं नाही, आणि त्याला समजलंही नाही. कोटवाला पहिल्या फेरीत कधी यशस्वी झालाय? दर रविवारी पहाटेची गाडी. चहाची दुकानं, मुलींची वसतिगृहं, टपाल कचेरी. लेकीचा फोटो कोटाच्या आतल्या खिशात. हो, त्यानं कोट घेतला होता. दिवसाला वीस वाक्यं न बोलणारा माझा भाऊ अनोळखी दारं वाजवून लोकांना प्रश्न विचारत होता. एकदा एका वसतिगृहाच्या पहारेकऱ्यानं त्याला ढकलून पाडलं. कपाळाला पट्टी बांधून परत आला आणि मला म्हणाला, "त्रेसष्टावं पान आलं." तो हसला होता. मीही हसले. देवा, मीही हसले.

यात तीन महिने गेले असतील. एका दुपारी वहिनी धापा टाकत दुकानात आली. भाचीची मैत्रीण तिला भेटून गेली होती. बंदराच्या शहरात, शर्टांच्या कारखान्यात तिनं भाचीला पाहिलं होतं. कॉलर शिवायला बसते, तीन मुलींबरोबर एका खोलीत राहते. घरी सांगू नकोस म्हणाली, पण मला राहवलं नाही, असं ती मैत्रीण म्हणाली. बंदराचं शहर बरोबर उलट्या दिशेला. कारखान्याचं नावही तिला नीट आठवत नव्हतं.

वहिनीनं माझा हात धरला. "वन्सं, ते माझं ऐकत नाहीत. म्हणतात, बघणारीची चूक झाली असेल, माझ्याकडे पुरावा आहे. त्यांचा तो कोटवाला पुस्तकात शोधतो हो. माझी मुलगी पुस्तकात नाही. तुम्ही सांगा त्यांना, तुमचं ऐकतील."

रजिस्टर माझ्या कोपराखाली होतं. ते उघडून ती एक ओळ दाखवली असती तर त्याच रात्रीच्या गाडीनं दोघं निघाले असते. पण मग दादा विचारणार, तुला हे कधी कळलं? आणि मी काय सांगणार, तीन महिन्यांपूर्वी? मी वहिनीला म्हटलं, "बघते बोलून." बोलले नाही. झाकली मूठ झाकलीच ठेवली. मैत्रिणीनं वहिनीसाठी अंदाजानं एक पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं नाही, आणि वहिनीनं मग मला पुन्हा विचारलं नाही.

अडीच वर्षं हे चाललं. अडीच वर्षांचे रविवार तुम्हीच मोजा.

मग पुस्तकानंच सांगितलं. एकोणतिसाव्या भागाला मागणी फार, त्याचा कणा सुटला. नेहमीच्या गठ्ठ्यात मी तो चुकून दिला, की मुद्दाम, मलाच अजून सांगता येत नाही. दादानं तो खोलला. त्या गावची पुस्तकं तारेनं टोचलेली, घडीत गंजाचे दोन डाग. चौथ्या फर्म्यात डाग नव्हते. तिथे दाभणाची जुनी तीन भोकं होती, आमच्या प्रत्येक पुस्तकाला तो पाडतो त्याच अंतरावर. स्वतःचं काम माणूस ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

तो दुकानात आला तेव्हा स्टेशनमास्तर पुस्तक बदलत होते. त्यांचं होईपर्यंत दादा भिंतीला टेकून उभा राहिला. ते गेल्यावर त्यानं ती सोळा पानं टेबलावर ठेवली.

"रजिस्टर काढ."

मी काढलं. पान मला शोधावं लागलं नाही. मी इतक्या वेळा उघडलं होतं की ते आपोआप उघडलं. त्यानं ते पाहिलं. ओळ वाचली.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी," मी म्हटलं. "तू जेवलास ना, म्हणून."

वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "कोटवाला सांगतो गं. काहीही असलं तरी सांगतो. म्हणून तर वाचायचो आम्ही." सोळा पानं उचलली आणि गेला.

तो आणि वहिनी बंदराच्या शहरात गेले. शोधण्यात तो आता तयार झाला होता. तीन दिवसांत त्यानं कारखाना शोधून काढला. फाटकाला कुलूप, बंद पडून वर्ष झालेलं. दोन दिवसांत खोलीही सापडली. घरमालकीण म्हणाली, कॉलरवाली ना, होती. गेल्या वर्षी गेली, कुठे ते सांगितलं नाही, तब्येत बरी नव्हती. वाचायची फार. बाकीच्या मुली रविवारी फिरायला जायच्या, ही दाराशी बसून राहायची. म्हणायची, माझ्या बाबांना शोधता येतं, येतील ते एखाद्या रविवारी.

हे मला वहिनीनं सांगितलं. एकदाच, उभ्यानं, एकही शब्द कमी न करता. मग ती घरी गेली. त्यानंतर ती माझ्या दुकानाची पायरी चढलेली नाही.

त्याला झाली चार वर्षं. भाचीचा पत्ता नाही. दादा कोट घालत नाही, कोटवाला वाचत नाही. एकोणतिसावा भाग त्यानं त्या सोळा पानांविनाच बांधून दिला. अठ्ठेचाळीसनंतर एकदम पासष्ट. नर्सनं तक्रार केली, "बाई, मधली पानं कुठे गेली? कोटवाला एकदम रक्तबंबाळ कसा?" मी म्हटलं, मार पडला. कोणी मारलं, तिनं विचारलं. मी दुसरं पुस्तक काढून दिलं.

पुस्तकं अजून दादाकडेच जातात. पूर्वी नोंद फक्त माझ्या रजिस्टरात असायची, तो कधी बघायचाही नाही. आता त्यानं स्वतःची वही केली आहे. मी गठ्ठा घेऊन गेले की तो काम थांबवतो, हात पुसतो, प्रत्येक पुस्तक मोजून लिहितो. मग वही माझ्याकडे फिरवून जागेवर बोट ठेवतो.

"इथे सही करा," म्हणतो.

मी करते.