बटणाचे जादा पैसे

आमच्या घरात सिगरेट फक्त छापील स्वरूपात येत असे.

नाना, म्हणजे माझे वडील, इस्लामपूरच्या एका शाळेत मास्तर होते आणि शाळेतून उरलेला सगळा वेळ व्यसनमुक्तीचं काम करत. त्यांच्या पत्रकांच्या घड्या घालत घालत आम्ही दोघी बहिणी मोठ्या झालो. इतर मुलींना आधी पाढे आले, आम्हाला आधी फुफ्फुसाचे रोग आले. (पाठ. झाले नाहीत.) ताईचं नाव मुक्ता, माझं क्रांती. तिसरी मुलगी झाली असती तर तिचं नाव बहुधा घोषणेसकट ठेवलं असतं. आई आम्ही शाळेत असतानाच गेली, त्यामुळे नानांना आवर घालणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

नानांचा एक नियम होता. ज्या घरात तंबाखू, त्या घरचं अन्न वर्ज्य. सख्ख्या मेहुण्याच्या घरी लग्नाची पंगत चालू असताना मेहुणा मागच्या दारी विडी ओढताना दिसला, तेव्हा नाना वाढलेल्या ताटावरून उठले. ताटात श्रीखंड होतं! त्या घरात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

अशा नानांचा जावई रोज एक पाकीट ओढत होता.

दाजी अमेरिकेत ॲशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये कामाला होते. बिनखिडक्यांच्या त्या इमारतीतून अधूनमधून बाहेर यायला माणसाला काहीतरी कारण लागतं, असं त्यांचं म्हणणं. लग्नाआधी त्यांनी सिगरेट ‘सोडली’ होती आणि नाना इस्लामपूरला असल्यामुळे ती सुटलेलीच राहिली होती. पण २००८ साली ताईला दिवस गेले आणि नानांचं सहा महिन्यांसाठी ॲशबर्नला यायचं ठरलं.

मीही तेव्हा अमेरिकेतच, ॲन आर्बरला समाजशास्त्र शिकत होते आणि उरलेल्या वेळात कशाच्या ना कशाच्या विरोधात सह्या गोळा करत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईकडे आले, तर ती स्वयंपाकघरात रडत बसलेली.

“नानांना कळलं तर ते या घरात एक घास खाणार नाहीत. मिळेल त्या विमानाने परत जातील. मला बाळंतपणात आपलं माणूस हवंय गं.”

“मग दाजींनी सोडावी सिगरेट!”

“सोडतोय ना, यार!” दाजी गॅरेजमधून ओरडले. आवाजाच्या मागोमाग धूरही आला.

सोडायचे प्रयत्न त्यांनी केले नव्हते असं नाही. दंडाला चिकटवायच्या पट्ट्या झाल्या. निकोटिनचं च्युइंग गम झालं. पण गम चघळता चघळता सिगरेट ओढण्याची कला त्यांना अवगत झाली, तेव्हा ताईने तो नाद सोडला.

मग त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी नवीनच गोष्ट सांगितली. बॅटरीवरची सिगरेट. तंबाखू नाही, जाळ नाही, नुसती वाफ. मॉलमध्ये मिळते. दाजींना एकदम आशा वाटू लागली.

“पण मला एकट्याला पाठवू नकोस,” ते ताईला म्हणाले. “मी जातो विकत घ्यायला आणि येतो पाकीट घेऊन.”

त्यांच्यावर नजर ठेवायला ताईने मला सोबत पाठवलं. विश्वासू माणूस म्हणून!

मॉलच्या मधोमध एक गाडा होता आणि त्यावर एक तरतरीत पोरगा. त्याने दोन डबे पुढे ठेवले. दोन्हींत दिसायला तीच पांढरी कांडी, टोकाला लाल दिवा. पण दुसऱ्या डब्याची किंमत पहिल्याच्या तिप्पट.

“फरक काय?” मी विचारलं.

पोरगा उत्साहाने सांगू लागला. महागड्यात दोन बॅटऱ्या येतात, स्वस्तात एक. महागड्याची वाफ दाट, द्रव तोंडात गळत नाही. “आणि मॅम, याला बटण आहे. बटण दाबल्याशिवाय हे पेटत नाही.”

“आणि स्वस्ताला?”

“त्याला बटण नाही. आत सेन्सर आहे. ओढलं की आपोआप पेटतं.”

मी दाजींकडे विजयी मुद्रेने पाहिलं. “म्हणजे स्वस्तातलं आपोआप चालतं आणि महागड्यात काम आपण करायचं. आपण मेहनत करायची म्हणून जादा पैसे! हे तर भांडवलशाहीचं उघड उघड कबुलीपत्र आहे.”

“क्रांती, मला ते बटणवालं बरं वाटतंय गं.”

“दाजी, तुम्ही डब्याला भुलताय. आत तीच बॅटरी, तेच पाणी. बाकी सगळा नफा.”

“अगं, पण गळत नाही म्हणतोय...”

“तो विकणारा आहे. तो काय म्हणणार, गळतं म्हणून?”

त्या गाड्यापाशी उभी राहून मी मोठं भाषणच केलं. मागे दोन बायका थांबून ऐकू लागल्या. (त्यांना मराठी येत नव्हतं, पण आवेश कळत असावा.) दाजींनी मुकाट्याने स्वस्त डबा घेतला.

पहिल्याच दिवशी तो गळला. कडू द्रव तोंडात जाऊन दाजींची जीभ बधिर झाली आणि ताईशी ते तासभर बोबडे बोलत होते. मी म्हटलं, सवय होईल. दुसऱ्या दिवशी बॅटरी दुपारच्या आतच संपली. मी म्हटलं, संयम वाढेल. मग एकदा गॅरेजचं दार गडगडत वर गेलं आणि त्या आवाजानेच बाकावर ठेवलेल्या कांडीचा दिवा आपोआप लागला.

“हे बघ! मी हातसुद्धा लावला नाही!” दाजी ओरडले.

“संवेदनशील आहे,” मी म्हटलं.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. खऱ्या सिगरेटी बंद झाल्या. कांडीच्या आधारावर दाजी कसेबसे तग धरून होते. नाना आले, त्यांनी घरभर फिरून वास घेतला (ते तपासणी म्हणत नसत, ‘घर बघतो’ म्हणत) आणि आनंदाने जेवायला बसले. वरण-भात खाताना म्हणाले, “मुक्ता, नशीब काढलंस. परदेशात राहून निर्व्यसनी माणूस!” दाजींना ठसका लागला.

नाना घरभर वावरत, त्यामुळे कांडी कुठे ठेवायची सोय उरली नाही. दाजी ती चोवीस तास खिशात बाळगत.

आणि मग आलं ताईचं डोहाळजेवण.

शेजारच्या देशमुख काकूंनी ते मनावर घेतलं होतं. काकू नागपूरच्या, त्यांनी मनावर घेतलं की ते दुसऱ्या कुणाच्या मनावर राहत नसे. बेसमेंटमध्ये झोपाळा टांगला, ताईला फुलांचे दागिने घातले आणि ॲशबर्नमधलं ओळखीचं प्रत्येक मराठी कुटुंब बोलावलं. दाजी रेशमी कुर्त्यात झोपाळ्याशेजारी उभे होते. गाणी झाली, ओटी झाली. आता जेवायला बसायचं, एवढ्यात काकू म्हणाल्या, “नाना, आशीर्वादाचे दोन शब्द बोला ना!”

नानांना दोन शब्द बोलायला सांगू नये.

ते उभे राहिले आणि गर्भातल्या बाळापासून सुरुवात करून तंबाखूच्या निर्यातीपर्यंत गेले. जेवण थंड होत होतं. पण बोलणं मनापासूनचं होतं, त्यामुळे लोक ऐकत राहिले. शेवटी नानांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. “ज्या बाळाचा बाप असा, त्या बाळाला मी वेगळा काय आशीर्वाद देऊ?”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

बेसमेंटचं छत बुटकं. तो आवाज असा घुमला की खिशातल्या सेन्सरला काय वाटायचं ते वाटलं. दाजींच्या रेशमी कुर्त्याच्या खिशात लाल दिवा लागला. मग खिशातून वाफेची एक नाजूक रेघ वर निघाली. कौतुक होतंय म्हणून लोक आणखी जोरात टाळ्या वाजवत होते आणि दाजी आणखी धुमसत होते!

“ममा, अंकल इज ऑन फायर!” एक चिमुरडी किंचाळली.

“अगं बाई!” म्हणत देशमुख काकूंनी पन्ह्याचं भांडं उचललं आणि दाजींच्या छातीवर रिकामं केलं.

दाजींनी घाईघाईने खिशातून ती कांडी काढली. पन्हं निथळत होतं, तरी दिवा चालू होता. (टिकाऊपणाबद्दल मात्र मी त्या कंपनीला पूर्ण गुण देते.) नानांनी ती हातात घेतली, हुंगली, आणि त्यांचा चेहरा मेहुण्याच्या लग्नातल्यासारखा झाला.

“हे कुणाचं?”

ताईने झोपाळ्याची दोरी घट्ट धरली होती. नानांचं ताट वाढून तयार होतं आणि ते त्याच्याकडे पाठ करून उभे होते. मी आयुष्यात खोटं बोलले नव्हते, निदान छापील तरी. पण ताईचा चेहरा पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, “माझं, नाना.”

“तुझं? मग यांच्या खिशात कसं?”

उत्तर दाजींकडे होतं!

“मी काढून घेतलं तिच्याकडून,” पन्ह्याने भिजलेले दाजी हळूच म्हणाले. “म्हटलं, तुम्हाला कळायच्या आत सोडवू पोरीला. उगीच तुम्हाला त्रास नको.”

नानांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या ओल्याचिंब माणसाला मिठी मारली. “जावईबापू, सख्खा भाऊ करणार नाही ते केलंत!”

ताई पदराने डोळे पुसत होती. ती रडत नव्हती, हे फक्त मला दिसत होतं.

मग नानांनी नियम लावून पाहिला. मी राहते ॲन आर्बरला. म्हणजे हे घर शुद्ध आणि इथे जेवायला हरकत नाही. मात्र व्यसनी माणसाच्या पंगतीला बसता येणार नाही. सबब त्या दिवशी माझं ताट गॅरेजमध्ये गेलं. पण त्याआधी मला सगळ्यांसमोर हात पुढे करून शपथ घ्यावी लागली. “मी क्रांती, आजपासून कोणत्याही स्वरूपातल्या धुराला...” शपथ संपली, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि नानांच्या हातातली कांडी पुन्हा पेटली.

“बघा,” नाना गंभीरपणे सगळ्यांना म्हणाले, “व्यसन कसं माणसाला हाका मारतं!”

दुसऱ्या दिवशी दाजी एकटेच मॉलमध्ये गेले आणि बटणवाला डबा घेऊन आले. तो गळला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या म्हणून पेटला नाही. कमी कमी निकोटिनच्या द्रवाच्या नळ्या लावत लावत दाजींनी बाळाच्या बारशाच्या आधी तोही बंद केला. ती वाफ निरुपद्रवी असते असं मी म्हणणार नाही. डब्यावर छापलेल्या शब्दांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. पण तिप्पट किमतीतला बराचसा भाग खरोखरच बटणाचा होता, हे मला मान्य करावं लागलं. भाचीला मांडीवर घेऊन नाना उरलेले महिने त्या घरात पोटभर जेवले. मला दर रविवारी फोन करून ‘आज किती?’ विचारत. मी ‘शून्य’ म्हणाले की म्हणत, “खरं सांग, मी रागावणार नाही.”

पुढच्या वर्षी माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगाही अमेरिकेतच, बॉथेलला, सॉफ्टवेअरमध्ये. नाना कधी खोटं बोलत नाहीत, म्हणून त्यांनी मुलाच्या वडिलांना आधीच सांगून टाकलं, “मुलगी हुशार आहे. एक व्यसन होतं, आता प्रयत्न करते आहे.” मला वाटलं, आता कसला फोन येतोय! पण त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला.

“हाय. एक विचारू? पर्सनल आहे,” तो अगदी हळू आवाजात म्हणाला. “बाबांनी सांगितलं तुझं. यार, मीपण ओढतो. घरी माहीत नाही. मला ते इलेक्ट्रॉनिकवालं घ्यायचंय. महागड्याला एवढे पैसे देण्यात अर्थ आहे का?”

मी त्याला बॅटरी समजावली, गळती समजावली, सेन्सर आणि बटणातला फरक समजावला. सभासमारंभाला जाणार असलास तर बटणच घे, असंही बजावलं. त्याने सगळं लिहून घेतलं, मनापासून आभार मानले आणि फोन ठेवला. लग्नाचा विषय त्यालाही आठवला नाही, मलाही नाही.

नानांनी संध्याकाळी इस्लामपूरहून फोन करून विचारलं, “काय झालं?”

खरं कारण सांगून त्या मुलाला अडकवणं माझ्या तत्त्वात बसेना. “नाही जमणार, नाना,” मी म्हटलं.

“मला कल्पना होतीच,” नाना सुस्कारा टाकून म्हणाले. “इतका निर्व्यसनी मुलगा! त्याने तुला नाही म्हणायलाच हवं होतं.”